वादळी हवेत बंदरातला मुक्काम: शिडाच्या नौकेवरील प्रवासाचा वृत्तांत

पुढचा टप्पा दिवसभराचा होता आणि नौका पाणी-इंधन भरून सज्ज होती; परंतु संध्याकाळच्या हवामान अंदाजात वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनानुसार सात बळाचा, म्हणजे २८ ते ३३ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाचा वारा सांगितला गेला, आणि तोही आम्हाला जायचे होते त्याच दिशेकडून येणारा, म्हणून आम्ही बंदरातच थांबायचे ठरवले. अंदाजातला आकडा सरासरी वाऱ्याचा असतो, मधले झोत त्याहून बरेच जोरकस असतात. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १५ नॉटचा वारा ३० नॉटवर गेला की शिडांवरचा भार दुप्पट नव्हे, चौपट होतो. लाटांची दिलेली उंचीही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे दोन मीटर वाचून निघालेल्यांना मधूनच चार मीटरच्या जवळपासची लाट गाठू शकते.

थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे रात्रीच ध्यानात आले. वायुभारमापकाचे आकडे आम्ही दर तासाला वहीत नोंदवत होतो. हवेच्या दाबात तीन तासांत सहा हेक्टोपास्कलहून (हेक्टोपास्कल हे दाबाचे एकक) अधिक उतरण ही अत्यंत वेगाची मानली जाते. आमची उतरण त्या मर्यादेकडे सरकू लागताच उजाडण्याची वाट न पाहता आम्ही सर्व दोर दुहेरी केले. दुसरा दोर पहिल्याच खुंट्याला बांधू नये, कारण खुंटा उखडला तर दोन्ही दोर एकदमच जातात. दोर शक्यतो नायलॉनचे असावेत, कारण ते ताणले जाऊन हिसके पचवतात, आणि लांब असावेत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक त्यांत सामावतो.

दोराचा खरा शत्रू मात्र वाऱ्याचा जोर नसून घर्षण आहे. पहाटे विजेरीच्या उजेडात नाळेकडचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडचा, दोर पाहिला, तेव्हा धातूच्या कडेवरून जाणाऱ्या वीतभर भागात बाहेरची वीण विरून पांढरे तंतू कापसासारखे उभे राहिले होते. तो भाग कडेपासून पुढे सरकवून त्या जागी दोरावर जाड रबरी नळीचा तुकडा चढवला आणि तो सरकू नये म्हणून सुतळीने आवळून बांधला. असे चार-सहा तुकडे नौकेवर कायम ठेवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गुंडाळलेले पुढचे शीड उतरवून आत ठेवावे, कारण त्याची एक कड सुटली तरी झोत सबंध शीड फाडू शकतो. शेजारी दुसरी नौका बांधलेली असेल तर दोघींच्या डोलकाठ्या एका रेषेत येऊ देऊ नयेत; डोलताना त्यांची वरची टोके एकमेकींवर आदळतात.

सर्वांत कठीण वेळ आली ती वारा पडल्यावर. आकाश निवळले, बंदरातले पाणी शांत दिसू लागले आणि सगळ्यांचीच निघण्याची घाई सुरू झाली. पण वारा पडला तरी समुद्र लगेच पडत नाही. बाहेरच्या बंधाऱ्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन आम्ही बंदराचे मुख बराच वेळ न्याहाळले. मोठ्या लाटा गटागटाने येतात, त्यामुळे पाच मिनिटांच्या पाहणीत समुद्र फसवतो. ओहोटीचे पाणी बाहेरून आत येणाऱ्या लाटांना भिडत होते तेव्हा मुखाशीच त्या उभ्या चढून फुटत होत्या, आणि भरती लागल्यावर त्याच जागी बऱ्याच सौम्य झाल्या. यावरून निघण्याची वेळ घड्याळाऐवजी भरतीच्या तक्त्यावर बेतली.

रजा संपत आलेल्या एका सहप्रवाशाला आम्ही तिथूनच रस्त्याने परत पाठवले. परतीच्या तिकिटाची तारीख नौकेच्या वेळापत्रकाला कधीही बांधू नये. माझ्या मते वाऱ्याइतकाच हा दबावही धोकादायक असतो. किती वाऱ्यात आणि किती लाटांत निघायचे नाही, ही मर्यादा शांत हवेत, सर्वांसमक्ष लिहून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. बदललेली निघण्याची आणि पोचण्याची वेळ किनाऱ्यावरच्या जबाबदार व्यक्तीला कळवावी, आणि पोचल्यावर तितक्याच तत्परतेने तसा निरोपही द्यावा, अन्यथा विनाकारण शोधमोहीम सुरू होते.