तुम्ही विचारलेत म्हणून: वडिलांविषयी मुलांना काय सांगता?

जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला आधारगृहात मी काम करते हे कळले, की लोक आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, "मारझोडीच्या घरातून आलेल्या मुलांना तुम्ही वडिलांबद्दल सांगता तरी काय?" जेवढे खरे ठाऊक असते तेवढेच सांगतो, आणि वडिलांना वाईट म्हणत नाही, कारण ज्याचा आवाज ऐकून मूल पांघरुणात दडत होते, त्याच बापाने यात्रेतून आणलेली भिंगरी ते उशाशी घेऊन झोपते, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

हे शहाणपण मला चुकीतून आले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर एक आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. आखाजीला माय माहेरी जाते एवढे त्याला ठाऊक असल्यामुळे, हे मामाचे गाव नव्हे हे उमजायला दोन दिवस गेले. मग त्याने विचारले, "आम्ही घर कव्हय जासूत?" त्याला बरे वाटावे म्हणून मी "लवकरच" म्हणाले. त्यानंतर आठवडाभर तो भरलेले दप्तर कवटाळून, पायांत चपला घालूनच झोपला.

आता तो शब्द आम्ही वापरत नाही. सकाळी न्याहारीला काय आहे, आई कोणत्या खाटेवर झोपेल, दाराला कडी कोण लावते, हे सांगतो. कोर्टाचे ठाऊक नसेल तर तसे म्हणतो. 'भांडण तुझ्यामुळे झाले नाही' हे मात्र कोणी न विचारताही सांगावे लागते, कारण आपल्या हातून दूध सांडले म्हणूनच सगळे घडले, असा हिशेब एखाद्या मुलाने मनाशी पक्का केलेला असतो.

मुलांना बोलते करण्याची घाई आम्ही करत नाही, शाळेची करतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तरी या मुलासाठी एका शाळेने वडिलांची सही मागत आम्हाला तीनदा परत पाठवले. ज्याच्या भीतीने आई घर सोडून आली, त्याचीच सही! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी अशा माणसाला मुलाच्या शाळेत शिरण्यास मनाई करू शकतात, हेही तिथे समजावून सांगावे लागले.

शाळेच्या पहिल्या दिवशी त्याने विचारले, "बाईंनी बापाचे विचारले तर?" मी म्हणाले, "नाव सांग, आणि सध्या आईजवळ राहतो म्हण." रिक्षात तो तेवढेच वाक्य पुटपुटत राहिला.