सायकलींना छप्पर हवे

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, हे नव्या विद्यार्थ्यांना आता सांगावे लागते. गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४०० एकरांहून मोठे आहे. एका विभागातून दुसऱ्या विभागात चालत जायचे तर ऐन एप्रिलात घाम निघतो, आणि म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये तेथे भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्या फार काळ टिकल्या नाहीत.

पर्यावरण हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला सक्तीचा झाला खरा. पण मी शिकवतो त्या महाविद्यालयात त्याचा प्रकल्प म्हणजे बहुधा गेल्या वर्षीच्या फायलीला नवे कव्हर. यंदा मी विद्यार्थ्यांना सकाळी फाटकापाशी उभे करून वाहने मोजायला लावली. (त्यांत माझीही स्कूटर मोजली गेली, हे कबूल करतो.) बहुतेक दुचाक्यांवर एकच जण होता. पत्र्याच्या छपराखाली प्राध्यापकांच्या मोटारी उभ्या होत्या, तर चार-पाच सायकली कुंपणाला साखळीने बांधलेल्या, सीट उन्हाने तापलेल्या. एका विद्यार्थिनीने अहवालात पहिली मागणी लिहिली ती या जागांच्या अदलाबदलीची. तो अहवाल सध्या प्राचार्यांच्या टेबलावर आहे.