आमची वाटचाल: कड आखण्यापासून मोजमापाच्या खात्रीपर्यंत

मेंदूच्या एमआरआय स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, अमिग्डाला अशा रचना वेगळ्या काढायच्या आणि त्यांचं आकारमान मोजून संशोधकांना द्यायचं, हे आमच्या छोट्या कंपनीचं काम. सुरुवात हातानं कड आखण्यापासून झाली. एकेक काप उघडायचा, माऊसनं सीमा काढायची. एका स्कॅनवर तासन्‌तास जात. पण त्या कामानं आमच्या माणसांची नजर तयार झाली आणि आजही कुठल्याही सॉफ्टवेअरचं उत्तर आम्ही आधी डोळ्यांनी तपासतो.

पुढे या रचना आपोआप आखणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर वापरू लागलो, एफएसएल या सॉफ्टवेअर-संचातलं फर्स्टही. पहिलं अ‍ॅटलसमधली, म्हणजे मेंदूच्या नमुना-नकाशातली, त्या जागी कुठली रचना असेल याची शक्यता आणि व्हॉक्सेलची, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका घन ठिपक्याची, तीव्रता एकत्र पाहतं. दुसरं प्रत्येक रचनेचा आकार आधी शिकलेलं असतं आणि तो स्कॅनवर बसवतं. 2015 मध्ये यू-नेट हे चित्रातले भाग वेगळे करायला शिकणारं न्यूरल नेटवर्क आलं. त्यावर उभ्या राहिलेल्या फास्टसर्फरसारख्या साधनांनी तासांचं काम मिनिटांवर आणलं.

ग्राहक विचारतात, यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती? बहुतेक तुलना डाइस गुणांकावर होतात. दोन आखण्या तंतोतंत जुळल्या तर 1, कुठेच जुळल्या नाहीत तर 0. हा आकडा उपयोगी आहे, पण एकटा पुरत नाही. अमिग्डालासारख्या लहान रचनेत कडेवरच्या व्हॉक्सेलचा वाटा मोठा असतो, म्हणून तेवढ्याच चुकीला तिचा गुणांक थॅलॅमसपेक्षा जास्त घसरतो. शिवाय पद्धत सगळीकडे थोडं जास्तच आखते की थोडं कमी, हे डाइस सांगत नाही.

आमच्या मते खरी कसोटी पुनरावृत्तीची. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण 4 ते 5 टक्के आक्रसतो, निरोगी वृद्धांमध्ये दीड टक्क्याच्या आसपास. एकाच व्यक्तीच्या लागोपाठ घेतलेल्या दोन स्कॅनमध्ये एखादी पद्धत 3 टक्क्यांचा फरक दाखवत असेल, तर तिच्यावर त्या व्यक्तीचं वर्षभरातलं आक्रसणं कसं ठरवायचं?

म्हणून नवं काम घेताना आम्ही असे जोडस्कॅन मागतो आणि प्रत्येक रचनेसाठी पद्धती वेगवेगळ्या तपासतो. एकदा निवडलेली पद्धत, अगदी तिची आवृत्तीसुद्धा, अभ्यास संपेपर्यंत बदलत नाही. ग्राहकानं मध्येच नवी आवृत्ती मागितली, तर जुने सगळे स्कॅन तिच्यातून पुन्हा काढायची तयारी असेल तरच आम्ही हो म्हणतो.