आज गाडीने पाय ऐकलाच नाही

आज चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे सरकेचना. इंजिनचा दिवा लागला, मागून ट्रकचा हॉर्न. हात अजून थरथरतायत.

मेकॅनिक म्हणाला, पेडलमधले २ सेन्सर एकमेकांशी जुळेनात, म्हणून कॉम्प्युटरनेच ताकद कमी केली. म्हणजे यंत्रणेने तिचं काम केलं, मान्य. पण पूर्वी पाय आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्यामध्ये केबल असायची, आता नुसता सिग्नल, हे आज पहिल्यांदा अंगावर आलं.

उलट झालं असतं तर? गाडी आपोआप सुसाट सुटली तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, पुन्हापुन्हा मारायचा नाही (थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम परत भरत नाही), आणि गिअर न्यूट्रलला. संध्याकाळी उभ्या गाडीत घरच्या सगळ्यांकडून हे करून घेतलं. आईकडून दोनदा.