गाळ काढायला आलेली मुलं

१ सप्टेंबर २०२४, रविवार. समा, बडोदा

पाणी ओसरलं की सुटलो, असं पूर न पाहिलेल्या माणसाला वाटतं. खरी कंबर त्यानंतर मोडते.

गोकुळाष्टमीचा तो पाऊस, त्यात आजवा धरणातून सोडलेलं पाणी. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली आणि आमचा तळमजला पार बुडाला. आम्ही वरच्या काकूंकडे. पावसाची तीच प्रणाली पुढे कच्छवरून समुद्रात उतरली आणि परवा तिचं ‘आसना’ चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात असं १९७६ नंतर पहिल्यांदाच, म्हणे. आमची वाट लावून झाल्यावर बारसं!

फूड पॅकेटवाले बरेच येऊन गेले. पुरीभाजी, पाण्याच्या बाटल्या, आणि हो, फोटो. नावं ठेवत नाही, दोन वेळचं पोटात गेलं ते त्यांच्यामुळेच. पण घरात घोटाभर गाळ असताना फावडं घेऊन कोणी येत नव्हतं.

आज आली. फतेगंजच्या चर्चमधली मुलंमुली, सकाळची प्रार्थना उरकून थेट, जुन्या कपड्यांत. बरोबर एक वयस्क अंकल. त्यांनी दारातूनच विचारलं, “मेन स्विच बंद छे ने?” मग काठीनं पलंगाखाली, कपाटामागे ठोकून पाहिलं. विश्वामित्रीचं पाणी, मगर नाही तर निदान साप असायचाच. निघाला एक बेडूक.

गाळ ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की सिमेंट, हे त्यांचं म्हणणं. आतल्या खोलीपासून सुरुवात, थोडं पाणी मारून सैल करायचा आणि वायपरनं दाराकडे ढकलायचा. गटारात मात्र ढकलू दिला नाही, घमेली भरभरून रस्त्याच्या कडेला ढीग केला. कापसाची गादी भिजली की चौघांनाही उचलत नाही. प्लायवूडचं शोकेस तर हात लावताच पापुद्र्यांनी सुटलं.

मला आवडलं ते वेगळंच. एक मुलगी प्रत्येक वस्तू उचलून विचारायची, “मासी, आ राखवानुं के काढवानुं?” मी ‘काढ’ म्हटल्याशिवाय काही बाहेर गेलं नाही. चिखलातलं लग्नाचं अल्बम मी ओढून उघडायला गेले तर तिनं हात धरला. स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून एकेक फोटो अलगद सोडवला आणि काकूंच्या गच्चीत चादरीवर पसरला. दहा-बारा वाचले. नवऱ्याच्या मुंडावळ्या गेल्या, चेहरा राहिला. देवघरापाशी मात्र सगळे थांबले. “तमे ज उठावो,” म्हणाले, आणि मीच देव उचलले.

सासूबाई जिन्यात बसून सगळं बघत होत्या. त्यांच्या मनात शंका होतीच, आता हे पुस्तकबिस्तक देणार. जाताना अंकलनी खरंच काहीतरी हातात ठेवलं. ब्लीचिंग पावडरचं पाकीट होतं. “टाकी धोया विना पाणी ना वापरशो.” सासूबाईंनी मग स्वतः उठून सगळ्यांना चहा दिला, आलं घालून.

मुलं लगेच शेजारच्या बंगल्यात शिरली. उद्या प्लंबर, परवा इलेक्ट्रिशियन, तोवर लाइट नाहीच. गणपती शनिवारी. भिंती तोवर वाळायच्या नाहीत, म्हणून यंदा मूर्ती काकूंच्याच हॉलमध्ये बसवायचं ठरवलंय.