तुम्ही विचारलंत म्हणून: कम्पॅटिबिलायझर घातला की एमएफआय का उतरतो?

कम्पॅटिबिलायझर म्हणजे न मिसळणाऱ्या दोन प्लास्टिकांना जोडणारा घटक. एमएफआय म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं तो आकडा. बेळगावचं उद्यमबाग असो की मच्छे, प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो: "पीपीत (पॉलिप्रॉपिलीनमध्ये) ३० टक्के नायलॉन-६ घालतो. गेटपाशी (साच्यात माल शिरतो त्या तोंडाशी) पापुद्रे सुटत होते म्हणून कम्पॅटिबिलायझर घातला. पापुद्रे थांबले, पण एमएफआय १२ वरून ७ वर आला. कम्पॅटिबिलायझर खराब निघाला काय?"

नाही हो. बहुतेक वेळा तो नीट लागला म्हणूनच एमएफआय उतरलेला असतो.

पीपी आणि नायलॉन एकमेकांत विरघळत नाहीत. नायलॉनचे थेंब होतात आणि ते पीपीत अडकून राहतात. यंत्राचा फिरता स्क्रू हे थेंब तोडतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तोच स्क्रू त्यांना एकमेकांवर आपटतोही, आणि आपटले की ते पुन्हा एक होतात. ताक घुसळताना लोण्याचे कण गोळा होतात तसे. हिशोबच करून बघा. पीपीच्या वितळाची चिकटाई ३०० पास्कल-सेकंद आणि शिअर रेट (थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) सेकंदाला १०० धरला, तर थेंबावर ३०,००० पास्कलचा ताण येतो. थेंबाला गोल ठेवणारा दोघांमधला पृष्ठताण मीटरला साधारण १० मिलिन्यूटन. एवढ्या ताणात थेंबाची त्रिज्या ०.२ मायक्रॉनच्या आत यायला हवी. नुसत्या मिश्रणात मात्र कित्येक मायक्रॉनचे थेंब दिसतात. म्हणजे थेंब तुटतात, पण तुटलेले राहत नाहीत. (वितळलेलं नायलॉन पीपीच्या चौपटीहून घट्ट असेल तर नुसत्या शिअरने ते तुटतही नाहीत. साध्या सिंगल स्क्रूवर कितीही पास मारा, नीडिंग ब्लॉकची, म्हणजे स्क्रूवरच्या मळणाऱ्या ठोकळ्यांची, ओढ मिळाल्याशिवाय काम होत नाही.)

कम्पॅटिबिलायझर म्हणजे इथे मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पीपी. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं, ते या ॲनहायड्राइडला धरतं आणि पक्का बंध तयार होतो. जोडलेल्या साखळीचा एक भाग थेंबात, दुसरा पीपीत. थेंबाभोवती असा झुपका उभा राहिला की शेजारचा थेंब आपटूनही आत शिरत नाही. १० मायक्रॉन व्यासाचे थेंब असतील तर एक किलो दाण्यात दोघांची सीमा सुमारे दीड गुंठा भरते. व्यास १ मायक्रॉनवर आणला की तीच सीमा १६ गुंठे होते. ३ ते ५ टक्के कम्पॅटिबिलायझर एवढ्या जमिनीवर पसरायचा असतो. एवढी बारीक वस्तू एवढं मोठं काम करते, म्हणून ती नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता एमएफआयकडे या. जोड नसताना पीपी आणि नायलॉनचे थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून मिश्रण हिशोबापेक्षा पातळ वाहतं. सुरुवातीच्या त्या १२ मध्ये ही घसरण धरलेली होती. जोड बसला की घसरण थांबते, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, थेंबाची सीमा रबरासारखी ताण धरते आणि वितळ जड वाहतो. एमएफआय यंत्रात प्रवाह अगदी संथ असतो, म्हणून हा फरक तिथे मोठा दिसतो. साच्यात शिअर रेट सेकंदाला हजारांत जातो. तिथे फरक बराच आक्रसतो. म्हणून आकडा बघून लगेच बॅरलचं (माल वितळवणाऱ्या नळकांड्याचं) तापमान २० अंशांनी चढवू नका. २३५ ते २४५ अंशांतच ठेवा, आधी इंजेक्शन प्रेशर थोडं वाढवून पाहा. वेग मात्र जपून वाढवा, कारण अरुंद गेटमध्ये थेंब तारेसारखे ओढले जातात आणि कातडी पुन्हा सुटू लागते. गेट कापून तिथे नख मारून बघा. रनर (साच्याच्या वाटेत उरलेला माल) दळून पुन्हा चालवा आणि तीच नखाची परीक्षा घ्या. जोड खरा असेल तर दुसऱ्या फेरीतही पापुद्रा निघणार नाही.

काळजी करावी ती एमएफआय वाढला तर. आपल्याकडच्या पावसाळ्यात पहिला संशय ओल्या नायलॉनवर घ्या: पाण्याने वितळात साखळ्या तुटतात. साधा हॉपर ड्रायर बाहेरची दमट हवाच आत ओढतो. डीह्युमिडिफायर लावून ८० अंशांवर ४ ते ६ तास सुकवा, ओल ०.२ टक्क्यांखाली आणा. एमएफआयचा नमुनाही सुकवूनच घाला. दुसरा संशय कम्पॅटिबिलायझरच्या प्रमाणावर. तो बनवताना पेरॉक्साइडने पीपीच्या साखळ्या आखूड होतात, त्यामुळे तो स्वतः फार पातळ असतो. ८-१० टक्के घातला तर सीमेवर जागा न मिळालेला भाग पीपीत मिसळून आकडा वर नेतो. २५ किलोच्या घाण्याला पीपी १६.७५०, नायलॉन ७.५००, कम्पॅटिबिलायझर ०.७५० एवढ्यापासून सुरू करा. कॅल्शियम स्टिअरेट (वंगण म्हणून घालतात ती पूड) हात सैल सोडून घालू नका. ते ॲनहायड्राइड खाऊन टाकतं.

आणि भंगारात पीपीसोबत नायलॉन नसून एलडीपीई (पिशव्यांचं मऊ पॉलिथिन) असेल, तर हा कम्पॅटिबिलायझर घेऊच नका. पॉलिथिनकडे त्याला धरायला अमाइन नाही. तिथे इथिलीनचा ब्लॉक कोपॉलिमर लागतो.