पुण्याची पोस्टिंग आणि भाड्याचे घर

पुण्यात फौजेची ठिकाणे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली आहेत. दक्षिण कमांडचे मुख्यालय कॅम्पात, कमांड हॉस्पिटल आणि एएफएमसी (फौजेचे वैद्यकीय महाविद्यालय) वानवडीला, बॉम्बे सॅपर्स (फौजेचे अभियंते) खडकीला, सीएमई (फौजेचे अभियांत्रिकी महाविद्यालय) दापोडीला, हवाई दल लोहगावला आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) थेट खडकवासल्याला. त्यामुळे पोस्टिंगचा आदेश हाती आल्यावर यजमानांचे युनिट नेमके कुठे आहे हे पाहिल्याशिवाय घर शोधायला सुरुवात करू नये. लोहगावजवळच्या धानोरीतले स्वस्त घर वानवडीच्या ड्यूटीला फार महाग पडते.

माझे यजमान हवालदार आहेत. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशा ठिकाणी, आलो म्हणजे सरकारी क्वार्टर मिळणार, असे गावाकडे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात स्टेशन मुख्यालयाच्या प्रतीक्षा यादीत नाव लागते आणि नंबर येईपर्यंत कुटुंबाला बाहेर राहावे लागते. या काळात घरभाडे भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाच्या वर्गवारीत पुणे ‘एक्स’ म्हणजे सर्वांत वरच्या गटातले शहर आहे आणि २०२४ पासून हा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे. फौजींना मूळ वेतनाशिवाय मिळणारा ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ त्यात धरला जात नाही. हवालदाराचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते, म्हणजे भत्ता ८,७६० रुपये. सेवेची वर्षे वाढतात तशी रक्कम वाढते हे खरे, तरीही दोन मुलांसह राहता येईल असे वानवडी किंवा फातिमानगरचे घर या पैशांत बसत नाही आणि फरक पगारातूनच भरावा लागतो.

म्हणूनच माझे ठाम मत आहे की फौजी कुटुंबाने घराचे भाडे पाहण्याआधी ते घर सोडण्याचा खर्च पाहावा. क्वार्टरचा नंबर चार महिन्यांत येऊ शकतो, किंवा वर्षभर येतही नाही. मध्येच यजमानांची बदलीही होऊ शकते. अशा वेळी करारात अकरा महिन्यांचा लॉक-इन (तोवर घर सोडता येणार नाही अशी अट) असेल, अनामत रक्कम मोठी असेल आणि एजंटला एक महिन्याचे भाडे आधीच दिलेले असेल, तर महिन्याला हजार-दोन हजार वाचवून घेतलेले घर शेवटी सर्वांत महाग ठरते. थोडे जास्त भाडे चालेल, परंतु एक महिन्याच्या नोटिशीवर निघता आले पाहिजे आणि अनामत किल्ली देण्याच्या दिवशीच परत मिळाली पाहिजे. ‘सरकारी निवासस्थान मिळाल्यास किंवा बदलीचा आदेश आल्यास लॉक-इन लागू राहणार नाही’ हे वाक्य करारात लिहूनच घ्यावे. घरमालकाने तोंडी ‘तुम्ही फौजी आहात, काळजी करू नका’ म्हटले, तर त्याच्या सद्भावनेबद्दल आभार मानावेत आणि तेच कागदावर मागावे.

करार नोंदवण्याबाबतही संकोच करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झाली नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मुद्रांक शुल्कही जड नाही: एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. याच कायद्यात सैनिकाला स्वतःचे घर राहण्यासाठी परत मिळावे म्हणून कलम २३ आहे. भाडेकरू असलेल्या सैनिकासाठी तशी सोय असती तर किती कुटुंबांचा जीव भांड्यात पडला असता, असे मला नेहमी वाटते.

खडकी-दापोडीच्या बाजूला युनिट असेल तर बोपोडी, दापोडी, दिघी आणि विश्रांतवाडी पाहावे. बोपोडी आणि दापोडीला मेट्रोची स्थानके आहेत, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा खर्च टळतो. वानवडीच्या बाजूला उंड्री आणि महंमदवाडी तुलनेने स्वस्त आहेत, पण सकाळची वाहतूक स्वतः अनुभवूनच निर्णय घ्यावा. साळुंके विहार ही वसाहत आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनने बांधलेली आहे. तिथली भाडी कमी नसली, तरी घरमालक स्वतः निवृत्त फौजी असेल तर बदली म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. केंद्रीय विद्यालयात बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांना प्राधान्य असते. मात्र जागा कोणत्या शाळेत आहे हे कळल्यावरच घर पक्के करावे.

यजमान फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर, असताना एकटीने घर पाहणाऱ्या बहिणींसाठी आणखी एक गोष्ट. करार पत्नीच्या नावानेही करता येतो. ऑनलाइन नोंदणीच्या वेळी अंगठा आणि छायाचित्र करार करणाऱ्याचे लागते, त्यामुळे यजमानांच्या सुट्टीची वाट पाहत घर हातचे जाऊ द्यावे लागत नाही. पावत्या कोणाच्या नावाने घ्याव्यात हे मात्र आधी युनिटच्या क्लार्कला विचारून घ्यावे, कारण प्राप्तिकरात भत्त्याची सवलत मागायची असेल तर भाडे यजमानांनी भरल्याचा पुरावा लागतो.